पक्ष, साध्य आणि स्वयंपाकघरातला धूर

नववीत असताना मी एक प्रमेय मोजून सिद्ध केलं होतं. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश असते, एवढंच दाखवायचं होतं. मी कंपासपेटीतून कोनमापक काढला, लहान-मोठे तीन त्रिकोण काढले, कोन मोजले, बेरजा मांडल्या. दोन ठिकाणी 180 आले, तिसऱ्या ठिकाणी 181. त्या 181 मधला शेवटचा एक खोडून शून्य केला आणि खाली ऐटीत लिहिलं, 'हे सिद्ध झाले'. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीची शाळा, मार्च तोंडावर आलेला, वर्गावरचे पत्रे दुपारी बाराच्या आतच तापलेले. सर शिकवायचे प्रमाण मराठीत, पण कान धरायची वेळ आली की अहिराणीवर यायचे. माझी वही वर्गाला दिसेल अशी धरून ते म्हणाले, "मोजं ते खरं, पन सिद्ध कोठे करं?"

मग त्यांनी फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द लिहिले: पक्ष, साध्य, सिद्धता. आम्हाला पक्ष म्हटलं की झेडपीची निवडणूक आठवायची. साध्य हा शब्द भूमितीच्या तासाबाहेर कधी कुणाच्या तोंडून ऐकलेला नव्हता. कुणीतरी सरकारी कचेरीत बसून इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करताना हे शब्द पाडले असावेत, असं मी पुढं कित्येक वर्षं समजत होतो. ही माझी समजूत चुकीची होती. इंग्रजी शाळा आपल्याकडे निघाल्या त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून हे शब्द वापरात आहेत, आणि भूमितीशी त्यांचा मुळात काही संबंध नव्हता. ते आले एका डोंगरावरून.

डोंगरावर धूर दिसतो आहे, तेव्हा तिथे विस्तव असला पाहिजे. न्यायशास्त्राचा, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचा, हा पहिला धडा, आणि बहुतेकांचा शेवटचाही. यात डोंगर म्हणजे 'पक्ष', ज्याच्याविषयी काही ठरवायचं आहे तो. विस्तव म्हणजे 'साध्य', जे ठरवायचं आहे ते. धूर म्हणजे 'हेतू'. नैयायिक हे अनुमान पाच पायऱ्यांनी मांडतात. प्रतिज्ञा: डोंगरावर विस्तव आहे. हेतू: कारण तिथे धूर आहे. उदाहरण: जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, जसं आपलं स्वयंपाकघर. उपनय: या डोंगरावरही तसाच धूर आहे. निगमन: म्हणून या डोंगरावर विस्तव आहे. (शाळेत 'प्रतिज्ञा' म्हटली की आम्ही हात पुढे करून उभे राहायचो, तो भाग वेगळा.)

आता दहावीचं भूमितीचं पुस्तक उघडून कुठलंही प्रमेय पाहा. 'पक्ष' या शब्दापुढे त्रिकोण आणि त्याच्याविषयी दिलेली माहिती असते. 'साध्य' या शब्दापुढे जे दाखवायचं ते. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीपुढे उजव्या अंगाला कंसात छोट्या अक्षरांत 'सामाईक बाजू', 'व्युत्क्रम कोन' असं काहीतरी असतं, तो हेतू. शेवटची ∴ ची ओळ म्हणजे निगमन. घर युक्लिडचं, दारावरच्या पाट्या न्यायसूत्रं रचणाऱ्या गौतमाच्या.

एक खांब मात्र या घरात दिसत नाही. तिसरी पायरी, उदाहरण. ते स्वयंपाकघर कुठं गेलं?

न्यायाच्या तिसऱ्या पायरीत दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: एक सर्वसाधारण नियम, आणि तो जिथं डोळ्यांनी पाहिला ती जागा. नियम हाती असला की डोंगरापर्यंत जाणं सोपं. त्याला आज आपण निगमन म्हणतो. पण नियम आला कुठून? चुलीपुढे बसून रोज पाहिलं म्हणून. त्या चढणीला विगमन म्हणतात. अध्यापक विद्यालयात याच जोडीला उद्गामी आणि अवगामी अशी नावं आहेत: विशिष्टाकडून सामान्याकडे चढायचं, किंवा सामान्याकडून विशिष्टाकडे उतरायचं. न्यायाच्या पाच पायऱ्यांत चढ आणि उतार दोन्ही आहेत. पाश्चात्त्य तर्कशास्त्राने हे दोन्ही वेगळे केले, आणि मराठीत जेव्हा त्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा उतरण्याला नाव मिळालं पाचव्या पायरीचं, निगमन. आणि चढण्यासाठी त्याच्याच जोडीला बसेल असा 'विगमन' हा शब्द उभा केला गेला.

या चढावर पाय घसरतो, हे आपल्याकडे फार पूर्वीच कुणीतरी बजावून ठेवलं होतं. अनुमान न मानणारा चार्वाक विचारतो, तू पाहिलेल्या चुली किती? न पाहिलेल्या किती? मग 'जिथे जिथे' हे कशाच्या जोरावर म्हणतोस? यावर नैयायिकांनी शतकानुशतकं डोकं लावलं. 14 व्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने 'तत्त्वचिंतामणी'त व्याप्ती (हाच तो 'जिथे जिथे'चा संबंध) म्हणजे काय आणि ती कळते कशी, यावर जो काथ्याकूट केला त्यातूनच नव्यन्याय उभा राहिला. नियमाला छेद देणारा एखादा प्रसंग सापडला की त्याला 'व्यभिचार' म्हणायचं, आणि असा व्यभिचार मुद्दाम शोधायचा, हा त्यांचा शिरस्ता. साक्रीच्या माणसाला ही शंका पुस्तकातून शिकावी लागत नाही. सुरत-नागपूर महामार्गावर उन्हाळ्यात उभं राहिलं की लांबवर जे राखाडी उठतं ते धूर आहे की धूळ, हे जवळ गेल्याशिवाय सांगता येत नाही.

याच तालुक्यातल्या पिंपळनेरला 1901 साली जन्मलेला एक मुलगा किशोरवयात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत गेला, तिथं न्याय आणि वेदान्त शिकला आणि कलकत्त्याची संस्कृत परीक्षा देऊन 'तर्कतीर्थ' झाला. ती पदवी पुढे नावाला अशी चिकटली की लक्ष्मणशास्त्री जोशी म्हटलं तर कोण ते विचारावं लागतं, तर्कतीर्थ म्हटलं की पुरतं. मराठी विश्वकोशाचे ते प्रमुख संपादक होते. कोशाचा पहिला खंड निघाला 1976 मध्ये. मराठीतून शास्त्र लिहायचं तर आधी शब्द ठरवले पाहिजेत, म्हणून कोशासाठी परिभाषेचा एक अख्खा खंड करावा लागला. इंग्रजी संज्ञेसमोर मराठी संज्ञा ठेवण्याच्या त्या कामावर देखरेख करणारा माणूस धूर-विस्तवाच्या शाळेतून आलेला होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आमच्या तालुक्याने गणिती दिला नसेल. 'साध्य' म्हणजे काय हे मुळापासून जाणणारा माणूस मात्र दिला.

गणिती खानदेशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. धुळ्याहून चाळीसगावला जायचं, तिथून सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण्याला. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे, इ.स. 1207 चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये तो अभ्यासकांसमोर आणला. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे 'सिद्धांतशिरोमणी' आणि इतर ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला उत्पन्न लावून दिलं. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत पद्यात आहे, पण देणग्यांचा हिशेब सुरू झाला की भाषा बदलते आणि जुनी मराठी बोलू लागते. मठाचा खर्च बाजारातल्या देवघेवीतून आणि तेलघाण्यांवरच्या वाट्यातून चालायचा होता, आणि ते ज्यांच्याकडून यायचं त्यांना कळलं पाहिजे. भास्कराचार्यांचं जन्मगाव विज्जडविड म्हणजे नेमकं कुठलं, यावर विद्वानांची भांडणं झाली आहेत आणि पाटण्याचा पक्ष त्यात जोरात आहे. मला त्या भांडणात फारसा रस नाही. माणूस कुठे जन्मला यापेक्षा त्याची पुस्तकं शिकवायला तेल कुणी दिलं, हे जास्त सांगण्यासारखं आहे.

त्या मठात बसणाऱ्या मुलाला एक प्रश्न नक्की सोडवावा लागला असणार. 'बीजगणिता'त भास्कराचार्य विचारतात: काटकोन त्रिकोणाची एक बाजू तिथींइतकी, म्हणजे 15, आणि दुसरी नखांइतकी, म्हणजे 20, तर कर्ण किती? उत्तर 25, ते त्यांची 'लीलावती' वाचलेला कुणीही देईल. पण प्रश्न तिथं थांबत नाही. हे जे रूढ गणित आहे त्याची उपपत्ती सांग, असं पुढे विचारलं आहे. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा चक्क 'सिद्ध करा'चा प्रश्न.

आणि उत्तर आजही नववीच्या मुलाला कात्री घेऊन करता येईल असं. तसे चार त्रिकोण कापायचे आणि कर्ण बाहेरच्या बाजूला येतील असे गोल मांडायचे. बाहेर एक मोठा चौरस तयार होतो, ज्याची बाजू म्हणजे कर्ण. मधे एक छोटा चौरस रिकामा राहतो, ज्याची बाजू 20 वजा 15, म्हणजे 5. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ 150, चारांचं 600, मधल्या चौरसाचं 25. एकूण 625. त्याचं मूळ 25. आकड्यांच्या जागी अक्षरं ठेवली की हीच मांडणी प्रत्येक काटकोन त्रिकोणाला लागू पडते. भास्कराचार्यांनी नुसती आकृती काढून 'पाहा!' एवढंच म्हटलं, अशी एक गोष्ट पाश्चात्त्य पुस्तकांनी फार लोकप्रिय केली. गोष्ट छान आहे, पण तिच्यामुळे गैरसमज पसरला की आपल्याकडे नुसतं पाहायचे, सिद्ध करत नसत. उपपत्तीशिवाय गणकाला विद्वानांच्या सभेत मान नाही आणि त्याच्या स्वतःच्या मनातला संशयही फिटत नाही, हे 'सिद्धांतशिरोमणी'तल्या गोलाध्यायाच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगून ठेवलं आहे. त्याच गोलाध्यायात लल्ल या थोर पूर्वसूरीला त्यांनी फैलावर घेतलं आहे, कारण लल्लाने गोलाच्या पृष्ठफळाचा नियम दिला तो चुकीचा होता.

पण खरा राग पाहायचा तर 'लीलावती'त पाहावा. चौकोनाच्या चार बाजू दिल्या आणि क्षेत्रफळ काढा म्हटलं, तर? पूर्वीचे आचार्य त्यासाठी नियम देऊन गेले होते. भास्कराचार्य म्हणतात, कर्ण किंवा लंब ठाऊक नसताना असं विचारणारा माणूस पिशाच म्हणायचा, आणि उत्तर देणारा त्याहून मोठं पिशाच. कारण सोपं आहे. निवार काढून टाकलेली बाज डोळ्यांपुढे आणा. चारही दांड्या तेवढ्याच लांबीच्या, पण सांधे सैल झालेत. एका कोपऱ्याला धक्का दिला की ती कलते. अजून रेटली की पार चपटी होते. बाजू बदलल्या नाहीत, आतली जागा मात्र कमी कमी होत गेली. म्हणजे शंभर चौकोनांत नियम बरोबर आला असेल, पण ही एक कललेली बाज त्याला पुरी पडली. नैयायिक याला व्यभिचारच म्हणाले असते.

भास्कराचार्यांच्याच ग्रंथातलं दुसरं एक उदाहरण मी अकरावीच्या मुलांपुढे नेहमी ठेवतो. एखाद्या संख्येचा वर्ग घ्या, त्याला 61 ने गुणा, 1 मिळवा. येणारी संख्या पूर्ण वर्ग होते का? 1 घेतला तर 62, नाही. 2 घेतला तर 245, नाही. 3 घेतला तर 550, नाही. चिकाटीचा मुलगा हजारापर्यंत जाईल. संगणकवाला लाखाच्या पुढे जाईल आणि मग माझ्या 181 च्या मार्गाने खाली लिहील की असं कधीच होत नाही. पहिलं उत्तर येतं 22 कोटी 61 लाख 53 हजार 980 या संख्येला. आणि मिळणारा वर्ग असतो 176 कोटी 63 लाख 19 हजार 49 चा. हे उत्तर भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात चक्रवाल नावाच्या पद्धतीने काढून ठेवलं आहे. फ्रान्सच्या फर्माने हाच 61 चा प्रश्न 1657 मध्ये युरोपातल्या गणितींना घातला. बावीस कोटी चुली पाहिल्या, एकीतही विस्तव नाही, आणि तरी पुढच्या चुलीत असू शकतो.

इथे मला एक कबुली भास्कराचार्यांच्या वतीने द्यावीशी वाटते. चक्रवाल प्रत्येक वेळी शेवटाला पोचतंच, याची उपपत्ती त्यांच्या ग्रंथात नाही. युरोपात असल्या समीकरणाला नेहमी उत्तर असतं हे लाग्रांजने अठराव्या शतकात सिद्ध केलं. उपपत्तीचा एवढा आग्रह धरणारा माणूसही एका जागी अनुभवावर विसंबला. चालतं, चालत आलं आहे, म्हणून चालेल. गणितात काम करणारे सगळेच आधी असे चढतात, आणि सिद्धता मागाहून हाताला लागते किंवा लागत नाही.

उपपत्ती लिहून ठेवण्याचं पुष्कळ श्रेय टीकाकारांना आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1545 मध्ये लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' लिहिली, आणि तीत नियमामागून नियमाची उपपत्ती दिली. या टीकांमधून उपपत्ती संपली की 'इत्युपपन्नम्' असं येतं. माझं 'हे सिद्ध झाले' त्याच्याच नात्यातलं, लांबचं आणि नालायक.

मग युक्लिड कुठून आला? फिरत फिरत आला. ग्रीकांकडून अरबांकडे, नासिरुद्दीन तूसीच्या अरबी पाठातून जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या दरबारात. तिथं जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचं 'रेखागणित' नावाने संस्कृत केलं. आपल्या शाळांत मात्र तो या वाटेने पोचला नाही, समुद्रावरून आला. 1820 च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली इंग्रजी गणितपुस्तकांवरून मराठी पुस्तकं तयार होऊ लागली, आणि त्यांच्या जोडीला जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारखे शास्त्री बसले. इंग्रजी मजकूर, शास्त्र्यांची भाषा. युक्लिडची पद्धत अशी की आधी व्याख्या आणि गृहीतके, मग एकावर एक प्रमेयं. वरून खाली, कुठेही चूल नाही. तिला मराठीत जे शब्द मिळाले ते न्यायातले. पण न्यायाची तिसरी पायरी त्या साच्यात बसत नव्हती, म्हणून ती गळली. उदाहरणं प्रमेयाच्या पोटातून निघाली आणि प्रमेयाच्या खाली, सरावसंचात जाऊन बसली. आजही आपण त्यांना 'उदाहरणं सोडवणं' म्हणतो. न्यायात उदाहरण सोडवायचं नसतं, त्याच्या आधाराने बोलायचं असतं.

त्याचे परिणाम पिढ्यांनी भोगले. प्रमेय पाठ करायचं, पक्ष-साध्यासकट, आणि परीक्षेत ओकायचं. सहावं पाठ असेल आणि सातवं विचारलं तर कोरा पेपर. शिक्षणशास्त्रवाल्यांना हे खुपलं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या नावाने चालणारी पंचपदी बी.एड.च्या पाठ-टाचणात वर्षानुवर्षं लिहिली गेली: प्रस्तावना, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. दाखल्यांवरून वर चढायचं आणि मग खाली उतरायचं. पाच अवयव एकीकडे आणि पाच पदं दुसरीकडे घेऊन गुरुजी तपासणीसाहेबांसमोर उभे, आणि या दोन पाचांची भेट कुणी घडवली नाही. आताच्या बालभारतीच्या पुस्तकांत 'कृती' असते. त्रिकोणाचे कोपरे फाडा, शेजारी शेजारी चिकटवा, सरळ रेषा झाली का पाहा, मग प्रमेय. म्हणजे गळालेलं स्वयंपाकघर पुस्तकात परत आलं आहे. पण वर्गांतून अजून असं चालतं की कृती वेळेअभावी 'घरी करून या' होते, आणि घरी ती कुणी करत नाही.

उलटी चूकही पाहतो. कृती झाली, मुलांनी कोपरे चिकटवले, सरळ रेषा आली, टाळ्या. आणि सिद्धता 'आपोआप कळली' म्हणून सोडून दिली. चिकटवलेल्या कागदात 181 लपू शकतो, माझ्याइतका तो कुणाला माहीत आहे? अकरावीत तर आणखी गंमत. 'गणिती विगमन' नावाचा पाठ येतो आणि मुलांना वाटतं हे दाखले मोजण्याचं शास्त्र असेल. पहिली पायरी खरी, आणि कुठलीही पायरी खरी असेल तर पुढची खरी, म्हणून सगळ्या खऱ्या. नावात विगमन, कामात अस्सल निगमन. हे नाव बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे, पण आता रुळलेल्या शब्दाला कोण हलवणार.

मोजून सिद्ध करता येतच नाही, असं मात्र नाही, आणि हे सरांनी मला तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, देवळालीला, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होते. 1930 ते 1962 त्यांनी तिथं शिकवलं. आकड्यांशी खेळणं हा त्यांचा नाद, आणि विद्वानांनी त्याला पुष्कळ काळ नाकं मुरडली. मार्टिन गार्डनरने 1975 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते ठाऊक झाले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. पुन्हा तेच. फार तर सात फेऱ्यांत 6174 येतं आणि तिथंच राहतं.

याची सिद्धता मोजणीच आहे. पहिली वजाबाकी फक्त दोन फरकांवर ठरते: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला, आणि मधल्या दोन अंकांतला. असे फरक मोजले तर जोड्या होतात 54, एकही जास्त नाही. 54 च्या 54 तपासल्या की चार्वाकालाही विचारायला चूल उरत नाही.

सुरुवात पाटण्याच्या शिलालेखापासून करू. 1207: 7210 वजा 0127, उरले 7083. मग 8730 वजा 0378, उरले 8352. मग 8532 वजा 2358. आलं 6174, तिसऱ्या फेरीत. ही 7 आणि 1 ची जोडी झाली. उरलेल्या 53 तुम्ही तपासा, आणि एखादी जुळत नाही असं वाटलं तर अंक खोडू नका, वजाबाकी पुन्हा करा.